रंध्यावरची तारीख नेमकं काय सांगते?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘हा रंधा १९०२ सालचा आहे.’ पाच शब्दांचं साधं वाक्य. मसुदा परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात गाईडनी एवढंच लिहिलं होतं, ‘सालचा म्हणजे काय?’

खरं सांगायचं तर तेव्हा राग आला. रंध्यावर चक्क तारीख होती, मी ती डोळ्यांनी वाचली होती. आणखी काय हवं? पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता माझं अख्खं प्रकरण बदललं. नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना आपण प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांच्या व्याख्या पाठ करतो. पण एखादी जुनी वस्तू हातात आली की ती कुणी बनवली आणि कधी बनवली हे ठरवायचं कसं, याचा सराव फारसा कुणी करून घेत नाही. म्हणून ही पोस्ट. उदाहरण सुताराच्या हत्यारांचं आहे, पण यातला विचार नाण्याला, छापील पुस्तकाला किंवा जुन्या शिवणयंत्रालाही लागू पडतो.

रंधा कुठला, कुणाचा

मी तेव्हा मुंबईत लाकूडकाम करणाऱ्या कुटुंबांच्या मुलाखती घेत होते. लालबागच्या एका घरात ऐंशीच्या आसपास वय असलेल्या काकांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आत दोन पटाश्या, एक करवत, एक गुण्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला लोखंडी रंधा. साधारण १४ इंच लांब, अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीचा पाच नंबरचा.

“हा माझ्या आजोबांचा,” काका म्हणाले. “परळच्या रेल्वे कारखान्यात होते ते. बाबा तीन वर्षांचे असताना वारले.” आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद घरात जपून ठेवलेला होता. साल १९०८. रंध्याच्या डाव्या कुशीवर खिळ्यानं ठिपके मारून काढलेलं ‘वि’ असं अक्षर दिसत होतं, आणि आजोबांचं नाव ‘वि’वरूनच सुरू होत होतं. रंध्याच्या पोटात, मुठीच्या थोडं पुढे, ओतकामातच उमटलेली बारीक अक्षरं होती. त्यात मला ‘मार्च २५’ आणि पुढे ‘०२’ हे आकडे दिसले.

सगळं जुळत होतं. १९०२ चा रंधा, १९०८ पर्यंत हयात असलेला माणूस आणि त्याच्या नावाचं अक्षर. मी मोबाइलवर चार फोटो काढले, चहा घेतला आणि घरी येऊन ते पाच शब्दांचं वाक्य लिहिलं.

पेटंटची तारीख ही जन्मतारीख नव्हे

गाईडच्या प्रश्नानंतर फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. ‘२५ मार्च ०२’च्या खाली दुसरी ओळ होती: १९ ऑगस्ट ०२. आणि त्याखाली तेल, भुसा आणि गंज यांच्या थराखाली तिसरी ओळ असल्याचा भास होत होता.

या ओळींच्या सुरुवातीला ‘पेटंट’ या शब्दाचं संक्षिप्त रूप असतं. म्हणजे ही तारीख रंधा ओतल्याची नाही. रंध्यातल्या एखाद्या सुधारणेला अमेरिकी सरकारनं पेटंट दिलं, त्या दिवसाची ती तारीख आहे. स्टॅन्ली रूल अँड लेव्हल ही कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावची कंपनी. लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराचा रंध्यांचा धंदा आणि त्याची पेटंटं तिनं १८६९ मध्ये विकत घेतली आणि त्यानंतर अनेक दशकं ती त्याच मूळ रचनेत बारीकसारीक बदल करत राहिली. प्रत्येक बदलाचं पेटंट घ्यायचं आणि त्याची तारीख साच्यात घालायची. हेतू इतिहासकाराला मदत करण्याचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याला ‘याची नक्कल करू नका’ हे बजावण्याचा होता.

मग अशी तारीख आपल्याला काय सांगते? एवढंच, की ही वस्तू त्या दिवसाच्या आधीची नाही. याला आपण पूर्वमर्यादा म्हणू. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत यालाच टर्मिनस पोस्ट क्वेम म्हणतात. मातीच्या एखाद्या थरात १७८० चं नाणं सापडलं तर तो थर १७८० च्या आधी साचलेला नाही, एवढं नक्की. पण तो १७८१ मध्येही साचलेला असेल किंवा १८५० मध्येही. नाणं खिशात किती वर्षं फिरलं ते आपल्याला ठाऊक नाही. पेटंटच्या तारखेचं तसंच आहे.

आणि तारखा अनेक असतील तर? मग सगळ्यांत अलीकडची तारीख धरायची. आधीच्या तारखा आपोआप बाद होतात. मी नेमकं उलटं केलं होतं. पहिली ओळ वाचली आणि थांबले, कारण ती काकांच्या गोष्टीशी जुळत होती.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन जायचा मोह झाला होता. तसं करू नका. घासून लख्ख केलेल्या हत्यारावरून शिक्के, मूळ रंगाचे अवशेष आणि वापराच्या खुणा कायमच्या जातात, आणि तोच तर आपला पुरावा असतो. मऊ कुंचल्यानं सुटी धूळ काढली, खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च अगदी आडवी धरून उजेड तिरका पाडला. शिलालेखाचे अभ्यासक झिजलेली अक्षरं वाचायला हेच करतात. उथळ उठावाचीही सावली पडते आणि अक्षर दिसायला लागतं. तिसरी ओळ दिसली: १९ एप्रिल १०.

म्हणजे १९१०. आजोबा वारल्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

वरची मर्यादा कुठून आणायची

पूर्वमर्यादा मिळाली, आता उत्तरमर्यादा हवी. म्हणजे ‘यानंतरचा नसावा’ असं कुठवर म्हणता येईल? इथे कायदा मदतीला येतो. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षं होती. १९०२ ची दोन्ही पेटंटं १९१९ मध्ये संपली. मुदत संपलेलं पेटंट साच्यात मिरवण्यात कंपनीला फायदा नसतो, त्यामुळे तारखा हळूहळू काढल्या जातात. अर्थात ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. जुना साचा चांगला असेल तर कुठलाही कारखाना तो लगेच फेकून देत नाही.

दुसरा आधार म्हणजे संग्राहकांनी केलेलं काम. अमेरिकेत रॉजर के. स्मिथ यांनी पेटंट घेतलेल्या रंध्यांवर मोठं काम केलं. शेकडो नमुने शेजारी शेजारी ठेवून, कंपनीच्या छापील कॅटलॉगांशी ताडून पाहून स्टॅन्लीच्या रंध्यांचे क्रमवार प्रकार पाडले गेले. पुढची गोल मूठ ठेंगणी की उंच, पात्याला टेकू देणारा ‘फ्रॉग’ नावाचा लोखंडी तुकडा कसा बसवलाय, पात्यावर कुठला शिक्का आहे, अशा खुणांवरून हे प्रकार ठरतात. या वर्गवारीत तीन तारखांचा, ठेंगण्या पुढच्या मुठीचा रंधा अकराव्या प्रकारात येतो आणि त्याचा काळ १९१० ते १९१८ असा धरला जातो. पेटंटच्या मुदतीवरून केलेला आपला हिशेब याच्याशी जुळतो, हे लक्षात घ्या. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो की विश्वास वाढतो.

पण इथे एक सावधगिरी. ही वर्गवारी कंपनीनं केलेली नाही. न्यू ब्रिटनच्या कारखान्यात कुणी ‘आजपासून बारावा प्रकार सुरू’ अशी पाटी लावली नव्हती. हे कप्पे नंतरच्या लोकांनी पाडले. कारखान्यात जुने सुटे भाग पेटीत शिल्लक असले तर ते नव्या रंध्यांवर चढत. म्हणून ‘१९१०–१८’ हे जन्मसाल म्हणून वाचू नका, एक दाट शक्यतेचा पट्टा म्हणून वाचा. शिवाय ही वर्गवारी अमेरिकेत बनलेल्या रंध्यांपुरतीच आहे. १९३० च्या दशकात स्टॅन्लीनं इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये उत्पादन सुरू केलं. ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेल्या स्टॅन्लीला अमेरिकी तक्ता लावला तर उत्तर हमखास चुकतं. शेफिल्डच्याच ‘रेकॉर्ड’ नावाच्या रंध्यांनी १९३१ पासून हीच रचना उचलली. त्यांचा क्रमांक ‘५’ऐवजी ‘०५’ असा असतो. एका शून्याच्या फरकानं कारखाना आणि देश दोन्ही बदलतात.

एक हत्यार, तीन वयं

आता काकांच्या रंध्याचं पातं पाहू. त्यावर बदामाच्या आकारात ‘एस डब्ल्यू’ ही अक्षरं होती. जाणकार याला ‘स्वीटहार्ट’ शिक्का म्हणतात. अक्षरं ‘स्टॅन्ली वर्क्स’ची आणि बदाम म्हणजे कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची कोटी. १९२० मध्ये स्टॅन्ली वर्क्स या मोठ्या कंपनीनं रूल अँड लेव्हल कंपनी आपल्यात घेतली, त्या सुमारास हा शिक्का आला आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला.

म्हणजे लोखंडी सांगाडा १९१०–१८ चा आणि पातं १९२० नंतरचं. यात काही विचित्र नाही. पातं घासून घासून संपतं, ते बदलावंच लागतं. रंध्यात सगळ्यांत कमी टिकणारा भाग तोच, आणि गंमत अशी की कंपनीचा शिक्का बहुतेक वेळा त्याच भागावर असतो. बरेच जण फक्त पात्यावरचा शिक्का वाचून अख्ख्या रंध्याचं वय सांगतात, तिथेच फसगत होते.

मागची मूठ तर तिसऱ्याच काळातली. स्टॅन्लीच्या त्या काळच्या मुठी रोझवूडच्या असत, गडद आणि चकचकीत. ही मूठ सागवानाची होती, हातानं कोरलेली, मूळ मुठीपेक्षा थोडी लहान. कुणीतरी इथेच, स्वतःच्या पंजाच्या मापानं बनवलेली. तिचं साल सांगता येणार नाही. पण माझ्या मते पूर्ण रंध्यावरची सगळ्यांत बोलकी गोष्ट तीच आहे, कारण ती मुंबईत घडलेली आहे.

तर ‘हा रंधा कुठल्या सालचा?’ हा प्रश्नच अपुरा निघाला. गाईडनी तेच विचारलं होतं. ‘सालचा’ म्हणजे सांगाडा ओतला ते साल, पातं घडवलं ते साल, की या घरात आला ते साल? प्रत्येक भागाचं वय वेगळं काढायचं आणि वेगळं लिहायचं.

शिक्का म्हणजे सही नव्हे, दावा

वय झालं. आता बनवणारा कोण, हा प्रश्न. स्टॅन्लीच्या बाबतीत तो सोपा होता. पण काकांच्या पेटीतल्या करवतीवर आणि पटाशीवर वेगळीच कोडी होती. ती सोडवायची तर शिक्के मारण्याची प्रथा कशी आली ते थोडं पाहावं लागतं.

जुन्या इंग्रजी हत्यारांचं माहेर म्हणजे शेफिल्ड. तिथल्या सुऱ्या, कात्र्या, विळे बनवणाऱ्यांची ‘कटलर्स कंपनी’ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झाली. तिच्या कामांपैकी एक म्हणजे प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण नेमून देणं आणि तिची नोंद ठेवणं. १७८७ मध्ये शेफिल्डची एक डिरेक्टरी छापली गेली, तिच्यात कारागिरांच्या नावांबरोबर त्यांच्या खुणाही दिल्या होत्या. म्हणजे शिक्का ओळखायला त्या काळचा छापील आधार मिळतो. पुढच्या काळातल्या डिरेक्टऱ्यांवरून कुठली पेढी कुठल्या वर्षी कुठल्या रस्त्यावर होती तेही काढता येतं. शिक्क्यात पत्ता असेल तर हा मार्ग फार उपयोगी. लंडनच्या पत्त्यात ‘डब्ल्यू सी’सारखी टपाल विभागाची अक्षरं असतील तर शिक्का १८५७ नंतरचा, आणि त्या अक्षरांपुढे आकडा असेल तर १९१७ नंतरचा. नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८५५ च्या आधीचा नाही, कारण मर्यादित जबाबदारीचा कायदाच त्या साली झाला.

पण खूण ही मालमत्ता होती. ती विकता येई. पटाश्यांवर सापडणारं ‘आय. सॉर्बी’ हे नाव घ्या. त्यातला ‘आय’ खरा ‘जे’ आहे. जुन्या लॅटिन वळणानुसार जॉनसाठी ‘आय’ कोरायची पद्धत होती. पुढे हा शिक्का टर्नर, नेलर नावाच्या दुसऱ्याच पेढीकडे गेला आणि तिच्या पटाश्यांवर तेच जुनं नाव बसू लागलं. म्हणजे पटाशीवर सॉर्बीचं नाव आहे म्हणून ती सॉर्बीनं घडवली असं म्हणता येत नाही. आपल्याकडे एखाद्या प्रसिद्ध मिठाईवाल्याचं नाव दुकान विकल्यावरही पाटीवर राहतं ना, तसंच.

काकांच्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला होता आणि त्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ असे शब्द. काका त्याला कंपनीचं नाव समजत. खरं तर ती नुसती जाहिरात आहे, ‘खात्रीचा उत्तम माल’ अशा अर्थाची. फिलाडेल्फियाच्या डिस्टनसारख्या मोठ्या कारखान्यांपासून लहानसहान करवतवाल्यांपर्यंत कितीतरी जण असे तयार बिल्ले लावत. त्यावरून कारखाना ठरत नाही. तसंच पटाशीवरचं ‘कास्ट स्टील’. ते वाचून ‘हे बिडाचं आहे’ असं समजू नका. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून शुद्ध करण्याची रीत बसवली. त्या पोलादाचं हे नाव आहे. ते एकोणिसाव्या शतकात इतक्या जणांनी कोरलं की त्यावरून बनवणाऱ्याचं नाव कळत नाही आणि वयही फार ढोबळ कळतं.

खोट्या शिक्क्यांचा प्रश्नही जुनाच. जर्मनीत बनलेल्या मालावर ‘शेफिल्ड’ कोरून तो विकला जातो, ही शेफिल्डवाल्यांची मोठी तक्रार होती. त्यातून ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी खुणांचा कायदा आला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही त्याच धर्तीवर कायदा झाला. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं हत्यार बहुधा १८९१ नंतरचं असतं, असा एक ठोकताळा आहे. ठोकताळा म्हणूनच वापरा. कारण देशाचं नाव *नसणं* यावरून काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते कोरायची गरजच नव्हती.

एकूण काय, तर शिक्का म्हणजे बाजारात ग्राहकाला उद्देशून केलेला दावा. एखाद्या सनदेकडे किंवा बखरीकडे पाहताना आपण विचारतो की हे कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिलं. शिक्क्यालाही तेच प्रश्न विचारायचे.

पक्का खुंटा

मग या सगळ्या सापेक्ष गोष्टींत पक्कं असं काही असतं का? क्वचित असतं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या रोचेस्टरच्या गिल्डहॉल म्युझियममध्ये बेंजामिन सीटन या तरुण सुताराची हत्यारपेटी आहे. त्याच्या वडिलांनी १७९६ मध्ये त्याला लंडनच्या गेब्रिएल या रंधेवाल्यांकडून हत्यारांचा पूर्ण संच घेऊन दिला. बेंजामिननं १७९७ मध्ये त्यासाठी स्वतः पेटी बनवली आणि प्रत्येक हत्याराची किमतीसह यादी लिहून ठेवली. यादीही टिकली आणि बहुतेक हत्यारंही, तीही फारशी न वापरलेली.

हे इतकं मोलाचं का? कारण इथे अंदाज नाही. शक लिहिलेला शिलालेख सापडावा तसं हे आहे. १७९६ मध्ये लंडनचा रंधा कसा दिसत होता, त्यात शेफिल्डच्या कुठल्या कारागिराचं पोलाद होतं, हे नक्की कळतं. मग तारीख नसलेला दुसरा रंधा त्याच्या शेजारी ठेवून ताडता येतो. डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ मध्ये ब्रिटिश रंधेकारांची सूची पुस्तकरूपात काढली, ती अशाच तुलनेवर, डिरेक्टऱ्यांवर आणि उमेदवारीच्या नोंदींवर उभी आहे. लाकडी नक्षीरंधे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात १० इंचांच्या आसपास किंवा जास्त लांब असत. शतक संपेपर्यंत ते साडेनऊ इंचांवर स्थिरावले. कडांचे उतार आधी रुंद आणि सपाट होते, नंतर ते गोलसर झाले. या खुणा कागदी पुराव्याशिवाय कुणाला कळल्या असत्या?

तुमच्या विषयातही असा एखादा पक्का खुंटा शोधा. तारीख, नाव आणि वस्तू तिन्ही एकत्र असलेला एक जरी नमुना मिळाला, तरी बाकीचे पन्नास त्याला बांधता येतात.

मालकाचं नाव

जुन्या लाकडी रंध्यांच्या पुढच्या टोकावर कधीकधी तीन-चार नावं कोरलेली असतात. त्यातलं एक बनवणाऱ्याचं आणि बाकीची एकामागून एक आलेल्या मालकांची. बनवणाऱ्याचा शिक्का बहुधा एकदाच, मध्यभागी आणि नीट बसवलेला असतो, आणि पुष्कळदा गावाचं नाव सोबत असतं. मालक मात्र आपलं नाव चार ठिकाणी ठोकतो, कारण त्याला चोरीची भीती असते!

मालकाची खूण हत्याराचं वय सांगत नाही. ते हत्यार कुणाच्या हातात होतं ते सांगते. समजा एखाद्या हत्यारावर जीआयपी रेल्वेची अक्षरं ठोकलेली आहेत. ती कंपनी १८४९ ची, तिची पहिली गाडी १८५३ ची, १९२५ मध्ये तिचा कारभार सरकारकडे आला आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे खूण साधारण या शंभर वर्षांतली. हत्यार त्याहून जुनंही असू शकतं. काकांच्या रंध्यावर अशी खूण नव्हती, त्यामुळे तो रेल्वे कारखान्यातून आला या म्हणण्याला हत्यारावर तरी आधार नव्हता. तिथे होतं फक्त ठिपक्यांचं ‘वि’.

त्या ‘वि’कडे मी पुन्हा तिरक्या उजेडात पाहिलं. त्याच्या डावीकडे गंजाच्या डागात आणखी ठिपके होते. काकांच्या नातवानं टॉर्च धरली, मी कागदावर एकेक ठिपका उतरवून घेतला. अक्षर निघालं ‘के’. म्हणजे ‘के. वि.’

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. काकांच्या वडिलांचं नाव ‘के’वरून, आणि त्यांच्या वडिलांचं ‘वि’वरून. रंध्यावर आजोबांचं नाव होतं खरं, पण ते मुलाच्या नावापाठोपाठ आलेलं.

वडिलांचा जन्म १९०५ चा. कामाला लागले ते १९२० च्या दशकात. १९१०–१८ चा सांगाडा, १९२० नंतरचं पातं, हातानं केलेली मूठ आणि ‘के. वि.’ ही अक्षरं. यातलं काहीच एकमेकांच्या विरोधात जात नाही. तरी मी प्रबंधात ‘हा रंधा यांचाच’ असं लिहिलेलं नाही. ‘के. वि.’ या आद्याक्षरांचे सुतार मुंबईत दुसरेही असतील, आणि रंधा जुन्या बाजारातून आलेला असू शकतो. मी लिहिलं ते असं: सांगाडा एप्रिल १९१० नंतरचा, बहुधा १९१८ पर्यंतचा, पातं साधारण १९२० ते १९३५ मधलं, बदललेलं, मागची मूठ स्थानिक बनावटीची, काळ अनिश्चित, मालकाची आद्याक्षरं कुटुंबातल्या दुसऱ्या पिढीशी जुळणारी. एका वाक्याची चार झाली. पण आता समासात कुणी काही लिहिलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

मला धास्ती वेगळीच होती. काकांना हे सांगायचं कसं? माणसानं आयुष्यभर जपलेली गोष्ट आपण एका टॉर्चच्या उजेडात मोडायची का? मी दोन आठवडे गेलेच नाही. शेवटी गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, तारखा, पातं, अक्षरं. काका बराच वेळ रंधा हातात धरून बसले. मग त्या सागवानी मुठीत पंजा घालून पाहिला आणि म्हणाले, “बाबांचा हात लहान होता. माझ्या हाताला ही कधी बसलीच नाही.”

तेवढ्यात काकांची मुलगी आतून म्हणाली, “पण आम्ही तर लहानपणापासून ‘आजोबांचा रंधा’च म्हणतो.” आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिचे आजोबा म्हणजे काकांचे वडील. मुलांच्या तोंडी ‘आजोबांचा रंधा’ हे अगदी बरोबर होतं. घरात तेच नाव रुळलं असेल, आणि वर्षं गेल्यावर काकांनी ते स्वतःच्या आजोबांना लावलं असेल. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मौखिक इतिहास घेताना तेव्हापासून मी एक प्रश्न न चुकता विचारते: आजोबा म्हणजे कुणाचे आजोबा?

घरी जुनं हत्यार, अडकित्ता, कुलूप, काहीही असेल तर या रविवारी बाहेर काढा. घासू नका. आडव्या उजेडात पाहा, प्रत्येक भागाची वेगळी नोंद करा आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहा: यावरून नक्की काय कळतं, आणि काय कळतंय असं मला वाटतंय. त्या दोन रकान्यांमधलं अंतर मोजायची सवय लागली की संशोधनाची सुरुवात झालीच म्हणायची.